वाळूला पाणी

हैदराबाद
११ ऑक्टोबर १९८२

सटवाजीमामांस मारोतीचा जय भीम.

पंचशीला, तुझ्या बाबांना हळू वाचून दाखव. माझं अक्षर चौथीतच थांबलंय, तू दहावी झालीस म्हणून हसू नको.

मामा, डोळे अधू होईपर्यंत तुम्ही बावीस वर्षं ह्या बंगल्याचं तळघर सांभाळलं आणि एवढी मोठी गोष्ट मला सांगितली नाही. ही माणसं थुकतात.

काल रविवारी सकाळी अकराला जज्जसाहेबांची मंडळी आली. डॉक्टरीणबाई, तंबाखूवाले जाडे साहेब आणि कॉलेजातले प्रोफेसर. तुम्ही शिकवलं तशी मी बाटली आडवीच्या आडवी, तान्हं लेकरू आणावं तशी वर आणली. साहेबांनी बूच काढलं. मेणबत्तीच्या उजेडावर बाटलीची मान धरली आणि धार बारीक करून काचेच्या सुरईत वतली. मानेत गाळ दिसला की थांबले. मला वाटलं, आता पितील. कशाचं काय. अर्धा घंटा ग्लासात नाकं खुपसून बसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जुन्या चामड्याचा वास येतोय. तर सगळे खुश. तुमच्या लहानपणी वस्तीत चामडं वाळत घातलं की वरच्या आळीतले लोक नाकाला धोतर लावून जायचे म्हणता ना. इथं त्याच वासाला माना डोलवतात.

मग एकेक घोट घेतला. गालात खळखळ खळखळ, चूळ भरावी तसा. आणि पचकन तांब्याच्या उगालदानात. चौघंबी. मी घाबरलो, म्हटलं माल नासला, आता माझी धडगत नाही. तर साहेब डोळे मिटून म्हणतात, "वाह. क्या चीज है." वाह म्हणतात आणि थुकतात. माझ्या जन्माच्या आधीची ती दारू, परदेशातून बोटीनं आलेली. उगालदान मीच धुतलं. चांगलं जड होतं.

मी गेटवरच्या ईश्वरप्पाला सांगितलं. तो म्हणाला, "नवा हायस. गिळतो तो बेवडा, थुकतो तो शौकीन. म्हयनाभरात कळंल."

तुम्ही विचारलंत, वाळूला पाणी टाकतोस का. टाकतो. सकाळी दोन बादल्या, सांजच्याला दोन. भिंतीवरच्या गोणपाटांनाबी. पण मामा, कशासाठी ते एकदा सांगा. तळघरात ना झाड ना रोप. नुसती वाळू आणि तिच्यावर आडव्या बाटल्या. पाणी वतलं की सुं असा आवाज येतो आणि संपलं. आईनं लिहवून धाडलंय, पोळ्यापासून थेंब नाही, विहिरीत माणूस उतरवून वाटीनं घागर भरतात.

मागचं पत्र तुम्हाला उशिरा भेटलं ते माझ्यामुळं. मी जि. उस्मानाबाद लिहिलं होतं. आपला जिल्हा लातूर झाला हे मला इथं कोण सांगणार. आता जि. लातूर असं ठळक लिहितो.

तुमचा
मारोती


हैदराबाद
१७ जानेवारी १९८३

मामांस जय भीम.

कार्ड मिळालं. तुमच्या कार्डात सगळं बदलतं, शेवटची ओळ बदलत नाही. वाळूला पाणी टाकलं का? कशासाठी ते मात्र तुम्ही सांगत नाही. वाळू ओली आहे मामा. काल मंडळी आली होती, साहेबांनी खाली उतरून पाहिली. वरून ओलीच होती.

काल एक गंमत झाली. प्रोफेसरसाहेबांना वास ओळखू येईना. साहेबांनी ग्लास माझ्यापुढं केला, म्हणाले, "तू बोल रे, क्या बास है?" मी म्हटलं, शेंगा भाजून झाल्यावर रिकाम्या कढईचा येतो, तो.  मग डॉक्टरीणबाईंनी परत नाक घातलं आणि जोरजोरात मान हलवली. साहेब म्हणाले, "सटवाजी का भांजा है." मला तुमचा अभिमान वाटला. तोंडाला मात्र लावलं नाही. पंचशील आठवलं. म्हणजे ते पाच नियम. पंचशीला नव्हे. तीबी आठवली. (हे मामांना वाचू नको.)

बंगल्याच्या मागं नवीन बंगला बांधून राहिलेत. कामावर आपल्याकडची लई माणसं आहेत. गाव सुटलेली. एक कोंडाबाई म्हणून आहे, देगलूरकडची, नांदेड जिल्हा. तिनं मागच्या दाराशी घागर ठेवली आणि म्हणाली, "भाऊ, भरून दे." त्यांच्याकडं दोन दिवसांनी एकदा टँकर येतो, ते पाणी सिमेंटला जातं.

मी म्हटलं, "बाई, पाणी साहेबाचं हाय."

ती म्हणाली, "मंग साहेबाचंच दे की. माझं असतं तर तुला कशाला मागितलं असतं?"

अशी आहे ती. मी हसलो आणि फसलो. ईश्वरप्पाला साहेबांचा हुकूम आहे की बाहेरच्यांना पाणी द्यायचं नाही. पण तो चहाला गेला की त्याला दिसत नाही.

बाकी सगळं खुशाल. बारा जूनला साहेब सत्तर वर्षांचे होतात. त्या दिवशी पंचेचाळीस सालची बाटली निघणार, बाईसाहेबांनी लग्नाच्या साली आणलेली, एकच उरलेली. ती तुमच्याच हातानं उघडायची असं बाईसाहेब वारायच्या आधी सांगून गेल्या हे साहेब मला दोनदा बोलले. तुम्ही यालच. पंचशीलेनं हाताला धरून निलंग्याला बसमध्ये बसवून द्यावं, बिदरला बदलायची गरज नाही, सरळ गाडी आहे. इथं मी आहे.

तुमचा
मारोती


हैदराबाद
२५ एप्रिल १९८३

सटवाजी यांस.

हे पत्र जज्जसाहेब सांगत आहेत आणि मी मारोती लिहून राहिलो आहे. साहेब त्यांच्या बोलीत बोलतात, मी मराठी करतो. साहेब समोर खुर्चीत बसले आहेत.

सटवाजी, काल आम्ही तीन बाटल्या उघडल्या. तिन्ही जळाल्या आहेत. विस्तवावर ठेवल्यासारख्या. पहिल्या बाटलीचा वास तुझ्या भाच्यानंच ओळखला. तो म्हणाला, करपलेला गूळ.  डॉक्टरीणबाईंनी ग्लास खाली ठेवला तो परत उचलला नाही.

मी तळघरात उतरून पाहिलं. वाळू ओली आहे. गोणपाट ओलं आहे. म्हणजे मारोतीची चूक नाही. हा बिघाड मागच्या उन्हाळ्यातला आहे, तू होतास तेव्हाचा. तुला दिसत नव्हतं हे तू माझ्यापासून लपवलंस. पाणी टाकायला उतरणं जमत नव्हतं तर सांगायचं होतंस. एकवीस उन्हाळे तू माझ्या बाटल्या थंड ठेवल्यास आणि बाविसाव्याला खोटं बोललास.

बारा जूनला येऊ नकोस. बाईसाहेबांची बाटली मी माझ्या हातानं उघडीन. मला तुझं तोंड बघवणार नाही.

साहेब विचारतात, लिहिलं का. लिहिलं. साहेबांनी खाली सही केली आहे आणि आत गेले आहेत.

पंचशीला, इथून पुढचं फक्त तुला आहे.

वरचं मामांना वाचू नको. साहेबांनी बारा जूनला बोलावलंय, बाकी खुशाल, एवढंच वाच. तुझ्या पाया पडतो.

वाळू कोरडी आहे. दिवाळीपासून कोरडी आहे. मंडळी यायच्या आदल्या दिवशी मी वरचा बोटभर थर भिजवतो आणि गोणपाटावर तांब्याभर शिंपतो, म्हणून साहेबांना ओली दिसते. चारही बादल्या रोज कोंडाबाईच्या आणि तिच्या बायांच्या घागरीत जातात. सुरवातीला म्हटलं, एक बादली देऊ. मग दोन. हात वळंनाच गं. बादली वाळूवर उलटी करायची म्हटलं की मनगट धरल्यासारखं व्हायचं. आई तिकडं वाटीनं भरते आणि मी इकडं वाळूला पाजतो. मला वाटलं हा मोठ्या लोकांचा थाट असेल, कारंजं असतं तसा. किंवा मामांची जुनी सवय. त्या पाण्यामुळं तळघर गार राहतं आणि गार राहिलं तरच बाटलीतला माल जगतो, हे मला काल साहेबांच्या तोंडून कळलं. तेही मामांना शिव्या देताना.

मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. मी तिथंच उभा होतो, हातात उगालदान घेऊन. साहेब म्हणाले, बुढ्ढे ने पानी छोड दिया होगा, आणि मी काही बोललो नाही. मग म्हणाले, कागद घे. मी घेतला.

तू अक्षर बघ. मामांवर खोटं लिहिताना कुठं हललं आहे का? मी परत परत बघितलं. कुठंच हललं नाही. मला त्याचीच धास्ती बसली आहे.

बारा जूनच्या आत मी साहेबांना सांगून टाकतो. मामा येतील तोवर सगळं निस्तरलेलं असेल.

मारोती


हैदराबाद
१६ जून १९८३

मामांस जय भीम.

तुम्ही घरी पोचलात का हेबी मला माहीत नाही. ईश्वरप्पानं तुम्हाला कोपऱ्यावर रिक्षात बसताना पाहिलं म्हणतो. मी धावत गेलो तोवर नव्हतात.

मी साहेबांना सांगितलं नव्हतं. रोज सकाळी म्हणायचो, आज. मग साहेब पेपर वाचत असायचे, नाहीतर नमाजाला बसलेले, नाहीतर हसत असायचे. असे पन्नास दिवस गेले.

बारा तारखेला तुम्ही गेटशी उभे. धुवट धोतर, नवी टोपी, काखेत रुमाल. ईश्वरप्पानं काठी आडवी घातली. म्हणाला, "मामा, तुमाला आत सोडायचं न्हाई म्हून हुकूम हाय." तुम्ही हसलात. म्हणालात, "ईश्वरप्पा, उन्हानं डोस्कं फिरलं का तुझं? मला बोलावलंय. लेकीनं वाचून दाखिवलंय." तो माझ्याकडं बघायला लागला. मी तुमच्या हाताला धरून मागच्या दारानं आत आणलं. तुम्ही विचारलंत, मागून का, आणि मी म्हटलं, पुढं मंडळी बसलीत.

तळघराच्या तिसऱ्या पायरीवर तुम्ही थांबलात.

"मारोत्या, हितं गरम का लागून राहिलंय?"

 तुम्ही चाचपडत खाली उतरलात, बसलात, रुमाल सोडून तुमचा बूच काढायचा स्क्रू बाजूला ठेवलात आणि वाळूत हात घातलात. बोटं, मनगट, कोपरापर्यंत. वर काढलात तर हातावरची वाळू आपोआप झडली. एक कण चिकटला नाही.

"किती दिस?"

"दिवाळीपासून."

मला वाटलं थोबाडीत माराल. मी गाल पुढं करून बसलो होतो, तुम्हाला दिसलं नसेल.

"पाणी कुठं गेलं?"

मी कोंडाबाईचं सांगितलं. बायांचं सांगितलं. पत्राचं सांगितलं, साहेबांनी काय सांगितलं आणि मी काय लिहिलं, पंचशीलेनं काय वाचलं. सगळं एका दमात. तुम्ही साहेबांच्या पत्राचं काहीच विचारलं नाही. का ते मला अजून कळत नाही. तुम्ही मान त्या मागच्या दाराकडं वळवली आणि विचारलंत, "ह्याच दारातून दिलं?"

"हाव."

मग तुम्ही जे बोललात ते चार दिवस माझ्या कानातून जाईना. म्हणून लिहितो. तुमचंच तुम्हाला लिहितो.

तुम्ही म्हणालात, "बहात्तरला ह्याच दाराशी एक बाई हुबी ऱ्हायली. काखेत लेकरू. बोली आपल्या निलंग्याकडची. म्या वळखली. म्हणली, बाबा, घागरभर. म्या म्हणलं, पाणी साहेबाचं हाय. आन् तिच्या म्होरं दोन्ही बादल्या वाळूत वतल्या. ती बघून राहिली होती. म्या दुसऱ्यांदा गेलो, आणखी दोन आणल्या, त्याबी वतल्या. मला वाटलं, इमान म्हंजे हेच."

एवढं बोलून तुम्ही उठलात. भिंतीला हात लावत गेलात, त्याच दारानं. स्क्रू वाळूवरच राहिला.

मी तो उचलला, पंचेचाळीसची बाटली घेतली आणि वर गेलो. साहेबांच्या पुढं मेजावर दोन्ही ठेवलं. मंडळी बसली होती. म्हटलं, साहेब, वाळूला पाणी मी टाकलं नाही. मामांनी कधी सोडलं नाही. मी सोडलं.

जाडे साहेब म्हणाले, "क्या बोल रा ये?"

साहेबांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. कोर्टात करत असतील तसं. मला विचारलं, पाणी कुठं टाकलंस. मी सांगितलं. मग विचारलं, "मेरे से पूछा कायकू नै?"

मी म्हटलं, "तुमी न्हाई म्हणला असता."

 डॉक्टरीणबाई ग्लासाच्या दांडीशी चाळा करत होत्या. मग साहेब म्हणाले, "हौ. नक्कोच बोलता मैं."

मग त्यांनी स्वतः बूच काढलं. अर्धं आलं, अर्धं तुटून आत पडलं. वास घरभर झाला. मला ग्लास द्यायची गरजच पडली नाही. करपलेला गूळ. प्रोफेसरसाहेबांनी घोट घेतला आणि मान खाली घालून उगालदान जवळ ओढलं. जाडे साहेबांनीबी. डॉक्टरीणबाईंनी हातच लावला नाही.

साहेब प्यायले, मामा. थुकले नाहीत. एक ग्लास, मग दुसरा. सावकाश, कडू काढा घ्यावा तसा, बुचाचे तुकडे जिभेवरून काढून मेजावर ठेवत. शेवटी गाळ आला तोसुद्धा घेतला. कुणी थांबवलं नाही. इतक्या महिन्यांत ह्या घरात गिळताना मी पहिल्यांदा बघितलं.

मग मला म्हणाले, "बोतलां जलीं, वो पानी का मामला है. समझ सकता हूं. मगर मामू के नाम पे झूट मैं बोलता गया और तू लिखता गया." पुढं म्हणाले, सटवाजी आलाय का? मी म्हटलं, आला होता, गेला. साहेब खुर्चीतून उठले, जिन्यापर्यंत गेले, परत आले. कागद घे म्हणाले. मी घेतला. तो कागद सोबत आहे, त्यांच्या सहीचा. त्यात लिहिलंय की सटवाजीचा काही कसूर नाही, बावीस उन्हाळे त्यानं राखलं, मी त्याची माफी मागतो. लिहून झाल्यावर म्हणाले, तळघराची चावी ठेव आणि निघ.

पंचशीला, आधी एप्रिलचं पत्र वाच. अख्खं. माझं तुला लिहिलेलंबी. मग हा कागद वाच. एक शब्द गाळू नको. मी तुला खोटं वाचायला लावलं. आपल्या लग्नाचं जे ठरलेलं होतं ते मोडायचं असेल तर तेबी मोठ्यानं वाच, मामांच्या समोर.

मामा, अक्षर आज हलून राहिलंय. तुम्हाला दिसणार नाही, पंचशीलेला दिसेल.

मारोती


हैदराबाद
२४ जुलै १९८३

मामांस जय भीम.

तुमचं कार्ड काल भेटलं. बंगल्याच्या पत्त्यावर आलं, ईश्वरप्पानं कुंपणावरून माझ्याकडं टाकलं. मी आता कुंपणाच्या अलीकडं असतो, नव्या बंगल्याच्या कामावर. घमेली उचलतो.

कार्ड हातात आल्यावर मी सवयीनं शेवटची ओळ शोधली. तर तुमचं वर काही नाही, खाली काही नाही. सगळ्या कार्डात एकच ओळ.

कोंडाबाईला पाणी मिळतं का?

खाली कोपऱ्यात पंचशीलेचं बारीक अक्षर: बाबांना एवढं सांगायला दोन दिवस लागले. दोन्ही कागद वाचले. मी अजून काही मोडलेलं नाही. पण तुझं पत्र आता मी आधी स्वतः वाचते, मग ठरवते.

मी विटांच्या ढिगाआड जाऊन बसलो. मुकादम हाका मारून राहिला होता. कोंडाबाई आली, म्हणाली, "कोण मेलं?" म्हटलं, कुणी नाही. कार्ड तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "माझं नाव पोस्टानं आलं?" आणि हातात घेऊन नाव कुठं आहे ते बोट ठेवून विचारून घेतलं.

मामा, मिळतं. मागच्या दाराला आता कुलूप आहे. पण चौकात सरकारी नळ आहे, दोन फर्लांगावर. सकाळी लाईन लागते. मी आणि ती घागरी ठेवून कामावर येतो आणि आळीपाळीनं जाऊन पुढं सरकवतो. काल दुपारी मिळालं. उशिरा मिळतं, पण मिळतं.

तिला मी बहात्तरचंबी सांगितलं. तुम्हाला विचारलं नाही, चुकलं असेल तर माफ करा. मला वाटलं ती शिव्या देईल, तोंडाची फटकळ आहे. ती घमेलं उलटं करून त्यावर बसली होती. मग म्हणाली, "मामाला इचार, त्या बाईनं मंग पाणी कुठं भरलं?"

 ती रोज विचारते. तुम्ही दारातून बघितलं असेल, ती कुठल्या बाजूला गेली ते. आठवलं तर पंचशीलेला सांगा, ती लिहील.

मारोती